कारण न देता नामंजूर

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला खेटून ज्या जुन्या, भारदस्त इमारती उभ्या आहेत, त्यांत राहणाऱ्यांच्या पैशाचा हेवा ज्याला करायचा असेल त्याने खुशाल करावा. मी दादरला, शिवाजी पार्काच्या मागच्या गल्लीत, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सेक्रेटरीगिरी करत म्हातारा झालेला माणूस. मला हेवा वाटतो तो तिथल्या कमिटीचा.

लेक आणि जावई अशाच एका इमारतीत राहतात आणि थंडीचे महिने आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे काढतो, म्हणून हा सगळा कारभार मला आतून पाहायला मिळाला. इमारतीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर जावयाला नोटीस येईल, आणि नोटीस ही काय चीज असते ते मी आयुष्यात भल्याभल्यांना दाखवलेलं आहे.

लॉबी पाहून माणूस बिचकतो. संगमरवर, कधीच न पेटणारी शेकोटी, आणि लिफ्टशेजारी भिंतीतून उतरणारी काचेची उभी नळी. वरच्या मजल्यावरून पत्र टाकलं की ते त्या नळीतून घरंगळत खालच्या पितळी पेटीत पडायचं. आता ती बंद आहे, पण पितळ रोज पुसलं जातं. या थाटात आपण चप्पल कुठे काढायची, असा प्रश्न मला पडला होता. तेवढ्यात मागच्या लिफ्टजवळ चिकटवलेला कागद दिसला : ‘मागच्या जिन्यात सायकली, छत्र्या व बूट ठेवू नयेत. बोर्डाच्या आदेशावरून.’ जीव भांड्यात पडला. ही तर सोसायटीच!

खरोखरच सोसायटी. तिकडे तिला को-ऑप म्हणतात आणि कमिटीला बोर्ड. फ्लॅट तुमच्या मालकीचा नसतोच. अख्ख्या इमारतीची मालक एक कंपनी. तुम्ही कोट्यवधी मोजता ते तिच्या शेअरांसाठी, आणि शेअरांच्या जोरावर तुम्हाला तिथे राहण्याचा करार मिळतो. मग दरमहा मेंटेनन्स, मध्येच मोठ्या दुरुस्तीसाठी जादा वर्गणी, वार्षिक सभा, थकबाकी, गळती, वरच्यांचा कुत्रा, खालच्यांचा पियानो. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहसंस्था काढली. ब्रुकलिनमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी आपली सोसायटी उभी केली ती १९१६ साली. म्हणजे मध्यमवर्गीय सहकारात आपण एक वर्ष पुढे. मॅनहॅटनच्या श्रीमंतांनी मात्र हा उद्योग १८८०च्या दशकातच सुरू केला होता. त्यांना शेजारी निवडून घ्यायची घाई फार.

शेअरांची वाटणीही आपल्यासारखी भाबडी नाही. आपल्याकडे पन्नास-पन्नास रुपयांचे ठरावीक शेअर, घर वन रूम किचन असो की तीन बेडरूमचं, आणि एका सभासदाला एक मत. तिकडे घर जितकं मोठं, जितकं उंचावर, खिडकीतून पार्क जितका जास्त दिसतो, तितके शेअर जास्त. आणि जितके शेअर तितकी मतं. लेकीच्या दिवाणखान्यातून इमारतीचा मधला चौक दिसतो. पार्क पाहायचा तर न्हाणीघराच्या खिडकीशी टाचा उंचावून मान डावीकडे वळवायची, की एका झाडाचा शेंडा दिसतो. इमारतीच्या लोकशाहीत आमचं वजन त्या शेंड्याएवढंच.

आता हेव्याचं कारण सांगतो. १९७९ साली रिचर्ड निक्सन यांना मॅनहॅटनमध्ये फ्लॅट घ्यायचा होता. देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष! याच निक्सननी साठच्या दशकात पार्कसमोर, फिफ्थ अव्हेन्यूवर, संसार केलेला. पण या खेपेला पार्कपासून हाकेच्या अंतरावरच्या, ७२व्या रस्त्यावरच्या इमारतीतल्या लोकांनी ‘नको’ म्हटलं. ज्याने चीनशी बोलणी केली त्याला सोसायटीशी जमलं नाही. शेवटी त्यांनी स्वतंत्र घर घेतलं, जिथे कमिटीच नव्हती. पुढे १९८५ साली सॅन रेमो या जुळ्या मनोऱ्यांच्या इमारतीने मॅडोनाला परत पाठवलं. गाणाऱ्या बाईंच्या मागे फोटोवाले आणि चाहते येणार, रात्री-अपरात्री दारात गर्दी होणार. एक सेक्रेटरी म्हणून मी त्या निर्णयाच्या पाठीशी ठाम उभा आहे.

आणि खरी मेख अशी, की नाकारण्याचं कारण द्यावं लागत नाही. ‘आपला अर्ज नामंजूर’, एवढंच. वंश, धर्म, रंग यांवरून नाकारायला कायद्याने सक्त बंदी आहे. पण कारणच सांगायचं नसलं, तर ते कोणतं होतं हे सिद्ध कोण करणार? मी मात्र महाराष्ट्राच्या १९६०च्या कायद्याखाली भरडलेला. अर्ज तीन महिने दाबून ठेवला तर अर्जदार आपोआप सभासद मानला जातो. नाकारायचं तर लेखी कारण द्या. दिलं की तो ते लॅमिनेट करून उपनिबंधकाच्या दारात उभा. मग तारखा सुरू, आणि तारखेला चेअरमनला नेमकी कंबरदुखी. अहो, मला एकदा तरी कुणाला कारण न देता नामंजूर करता आलं असतं, तर मी सेक्रेटरीपद दहा वर्षं आधी सोडलं असतं.

जावयाची फाइल मी डोळ्यांनी पाहिली. तीन वर्षांची करविवरणपत्रं, प्रत्येक खात्याचं स्टेटमेंट, नोकरीच्या ठिकाणचं पत्र, आणि मित्रांनी व वरिष्ठांनी लिहिलेले चांगुलपणाचे दाखले. ही दोघं शांत आहेत, मनमिळाऊ आहेत, उशिरापर्यंत जागत नाहीत, अशा अर्थाची ती पत्रं वाचून मला वाटलं, एवढा चौकस तर मी लेकीच्या लग्नाच्या वेळीही नव्हतो. घराचे पैसे मोजून झाल्यावरही बँकेत भरपूर शिल्लक उरली पाहिजे, ही आणखी एक अट. काही इमारतींत तर गृहकर्जालाच बंदी : सगळी रक्कम रोख. कुत्रा असेल तर काही ठिकाणी त्याचीही मुलाखत होते. तो भुंकला तर मालक बाद.

मुलाखतीला जाण्याआधी दलाल बाईंनी दोघांना पढवलं : विचारलं तेवढंच सांगा, स्वतः एकही प्रश्न विचारू नका. गळतीबद्दल तर मुळीच नको. दोघं अर्धा तास हसरे चेहरे करून बसली आणि पास झाली. सुकटीचा विषय कुणी काढला नाही, हे आमचं नशीब. मुंबईत मासळीच्या वासावरून मराठी माणसाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत आणि त्या तोंडावर तसं सांगतात, हा त्यांचा निदान रोखठोकपणा. इथे बायको मागच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबून सुकट भाजते. पहिल्यांदा भाजली त्याच्या पुढच्याच आठवड्यात लिफ्टमध्ये कागद लागला : ‘सभासदांनी स्वयंपाकघरातील पंखे सुरू ठेवावेत.’ नाव कुणाचंच नाही. मसुदा इतका सुंदर, की मी उतरवून घेतला.

घराची रचना मात्र बघण्यासारखी. दुसऱ्या महायुद्धाआधी ही घरं बांधली, ती नोकरचाकर गृहीत धरूनच. लेकीचं घर म्हणजे तिकडचं प्रसिद्ध ‘क्लासिक सिक्स’ : दिवाणखाना, जेवणघर, स्वयंपाकघर, दोन शेजघरं आणि सहावी मोलकरणीची खोली. ही खोली स्वयंपाकघराच्या मागे, चिंचोळी; तिला तिचं इवलंसं न्हाणीघर, आणि बाहेर पडायला मागचं दार व मागची लिफ्ट. बाईसाहेबांची आणि बाईची गाठ पडू नये, असा चोख बंदोबस्त. आता बाई राहत नाहीत. त्या खोलीत कुणी ऑफिस थाटतं, कुणी व्यायामाची सायकल ठेवतं. आमच्याकडे तिथे मला ठेवलेलं आहे. बायको नातवाच्या खोलीत, ऐसपैस. माझी खिडकी हवेच्या बोळात उघडते. समोर हात लांब केला तर लागेल अशी भिंत. सेंट्रल पार्क ८४३ एकरांचा आहे, हे मी पुस्तकात वाचतो.

जेवणघरात टेबलाखाली, जमिनीत, एक पितळी बटण आहे. यजमानिणीने जेवता जेवता गुपचूप पायाने दाबायचं, की आत घंटा वाजून मोलकरीण पुढची डिश घेऊन हजर. बऱ्याच घरांत ही बटणं कधीच मुकी झाली. आमच्या घरातली तारांची जोडणी अजून शाबूत. नातवाला हा शोध लागल्यापासून तो वरण-भात गिळता गिळता टाचेने ते दाबतो. घंटा माझ्या खोलीच्या दारावर वाजते आणि मी बाहेर येतो. पहिल्यांदा सगळे पोट धरून हसले. आता हसत नाहीत. लेक म्हणते, “बाबा, येताच आहात तर लोणचं घेऊन या.”

थंडीचं म्हणाल तर घरात थंडीच नाही. तळघरात एक अजस्र बॉयलर आहे, त्याची वाफ पाइपांतून घराघरांतल्या बिडाच्या रेडिएटरांत येते. १९१८च्या साथीनंतर मोकळ्या हवेचं महत्त्व लोकांच्या मनावर असं बिंबलं होतं, की भर हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवूनही खोली उबदार राहावी अशा बेताने त्या काळचे बॉयलर बसवले. साथ गेली, बेत राहिला. शहराचा कायदाही कडक : १ ऑक्टोबर ते ३१ मे, बाहेर पारा ५५ फॅरनहाइटच्या खाली गेला की दिवसा घरात किमान ६८ अंश हवेतच. आता एका बॉयलरने शेकडो खोल्या तापवायच्या, तर सगळ्यात गार कोपऱ्यातल्या सभासदाची हाडं गरम होईपर्यंत बाकीच्यांनी भाजून निघायचं. बाहेर बर्फ पडतंय आणि मी गंजीफ्रॉकवर, खिडकी सताड उघडी टाकून, घाम पुसत बसलोय. पहाटे पाइपात साचलेल्या पाण्यावर वाफ आदळली की दाणदाण आवाज होतो. तांबट आळीत झोपल्यासारखं वाटतं. तक्रार केली तर सुपर, म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक-मिस्त्री-डॉक्टर, येऊन रेडिएटरच्या एका पायाखाली लाकडाची चकती सरकवतो. पाणी उतरून जायला तेवढा कल पुरतो. कोट्यवधींच्या घरात आमच्याकडे अशा तीन चकत्या आहेत.

या वाफेच्या पाइपांना हात मात्र लावायचा नाही. वॉशिंग्टन स्क्वेअर या दुसऱ्या एका बागेजवळ फिफ्थ अव्हेन्यूवर अशीच एक जुनी को-ऑप आहे. तिथल्या एका सभासदाला स्वयंपाकघर वाढवायचं होतं, त्यापायी वाफेचा उभा पाइप जरासा सरकवायचा होता. बोर्डाने काम थांबवलं. प्रकरण थेट राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १९९० साली निकाल लागला : बोर्ड आपल्या अधिकारात, सचोटीने, इमारतीच्या भल्यासाठी वागत असेल तर कोर्ट त्याच्या निर्णयात नाक खुपसणार नाही. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक भांडणात हा निकाल पुढे केला जातो. एका स्वयंपाकघराच्या पाइपाने केवढं हे कार्य केलं! आमच्याकडे अशी प्रकरणं सहकार न्यायालयात पिढीजात चालतात आणि निकाल लागेपर्यंत इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली असते.

नियमावली मी रात्री झोपताना वाचतो. फरशीचा ऐंशी टक्के भाग गालिच्याने झाकलेला हवा, म्हणजे खालच्याला पावलं ऐकू यायला नकोत. तोडफोड करायची ती फक्त उन्हाळ्यात, असं काही बड्या इमारतींचं फर्मान. तेव्हा सभासद समुद्रकिनाऱ्यावरच्या दुसऱ्या घरी गेलेले असतात. अनेक ठिकाणी घरात कपडे धुण्याचं यंत्र ठेवायला बंदी, कारण शंभर वर्षांच्या नळांना फेस सोसत नाही. त्यामुळे बँकांचे मोठमोठे अधिकारी तळघरात, आपल्या चड्ड्या गरगर फिरताना पाहत, बाकावर बसलेले आढळतात. आणि मुकुटमणी हा : कुणाच्याही बैठकीच्या किंवा निजायच्या खोलीवर वरच्याने न्हाणीघर वा स्वयंपाकघर काढायचं नाही. ओल्याखाली ओलं, कोरड्याखाली कोरडं. हे वाचलं आणि मी पुस्तकाला नमस्कार केला. आमच्या सोसायटीच्या अर्ध्या फायली या एका नियमाअभावी जन्मल्या आहेत.

जुनेपणाकडे पाहायची तऱ्हाही उलटीच. मुंबईत इमारत तिशी ओलांडते तोच स्ट्रक्चरल ऑडिट मागे लागतं, आणि मग बिल्डर पेढे घेऊन येतो. इथे इमारत नव्वदीची झाली की भाव चढतो. पार्काच्या पश्चिमेला डाकोटा ही इमारत १८८४ सालची, शिवणयंत्राच्या धंद्यातल्या पैशातून उभी राहिलेली. पुढे जॉन लेनन तिथे राहिला आणि तिच्याच दारात १९८० साली त्याचा खून झाला. ती १९६१ साली को-ऑप झाली आणि आता तिथे अर्ज करायला छातीच लागते. पण हा भाव काही पहिल्यापासूनचा नाही. मंदीच्या फेऱ्यात सॅन रेमो आणि तिच्याजवळची बेरेसफोर्ड या दोन्ही महाल-इमारती १९४० साली, डोक्यावरच्या कर्जाखेरीज अवघ्या २५,००० डॉलरला, जोडीने विकल्या गेल्या होत्या. त्या वर्षी आमच्या आजोबांनी काय केलं, असं मी बायकोला विचारलं. “पागडी भरली,” ती म्हणाली.

म्हातारपणाचा खर्च मात्र होतोच. सहा मजल्यांहून उंच इमारतीची दर काही वर्षांनी बाहेरून तपासणी करायची, असा कायदा आहे. भिंतीचा तुकडा पडून माणूस दगावला तेव्हा तो आला. तपासणी म्हटली की पदपथावर परांची आणि लाकडी छत आलं. ते वर्षानुवर्षं उतरत नाही. पार्ककडे तोंड करून बसलेल्या खालच्या मजल्यावरच्या मंडळींना, त्या खिडकीसाठी इतके शेअर घेऊनही, ऐन वसंतात हिरवा रंग लावलेल्या फळ्या पाहाव्या लागतात. हे कळल्यापासून न्हाणीघरातला शेंडा मला जास्त आवडतो.

दरवानांविषयी लिहायचं तर वेगळा लेख होईल. कोण कधी आलं, कुणाचं पार्सल किती वेळा परत गेलं, कुणाच्या घरात वर्षभर बोलणं बंद आहे, सगळं त्यांना ठाऊक; आणि दारात उभ्याने ते काहीही ठाऊक नसल्याचा अभिनय करतात. त्यांची युनियन जबर. १९९१ साली बारा दिवस संप झाला, तेव्हा लखपती सभासदांनी पाळ्या लावून दार सांभाळलं आणि कचऱ्याच्या पिशव्या स्वतः खाली नेल्या. डिसेंबर आला की कर्मचाऱ्यांच्या नावांची छापील यादी घरोघर येते. ही दिवाळीची पोस्तच. फक्त यादीत जितकी नावं असतात तितके आमच्या सोसायटीत सभासद नव्हते. जावई पाकिटं भरत असताना मी विचारलं, “शेजारच्यांनी किती दिले ते कळतं का?” तो म्हणाला, “आपल्याला नाही, बाबा. दरवानाला कळतं.”

या सगळ्या सत्तेला एकदाच कुणी नमवलं, आणि तो होता एक पक्षी. फिफ्थ अव्हेन्यूवर ९२७ क्रमांकाच्या इमारतीत बाराव्या मजल्याच्या खिडकीवर, नव्वदच्या दशकात, लाल शेपटीच्या ससाण्याच्या जोडीने घर केलं. लोकांनी नराचं नाव ‘पेल मेल’ ठेवलं. ना अर्ज, ना विवरणपत्र, ना मुलाखत, आणि खिडकी थेट पार्कवर. गंमत म्हणजे कबुतरांनी बसू नये म्हणून ठोकलेल्या खिळ्यांतच त्याच्या काटक्या पक्क्या अडकल्या होत्या. त्याच्या जेवणातून उरलेले उंदीर आणि कबुतरं खाली, कापडी छताखालून बाहेर पडणाऱ्या सभासदांच्या पुढ्यात पडायची. डिसेंबर २००४ मध्ये बोर्डाने खिळ्यांसकट घरटं उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून समोर निदर्शनं. पक्ष्यांची सोंगं घेतलेली माणसं फलक धरून उभी, जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून पाठिंबा देताहेत, आणि त्याच इमारतीत राहणारी नटी मेरी टायलर मूर ससाण्याच्या बाजूने. तीन आठवड्यांच्या आत बोर्डाने माघार घेतली. खिळे परत आले आणि घरट्याला खास पोलादी आधार बसवला गेला. कबुतरांना दाणे घालण्यावरून दादरच्या कबुतरखान्यापाशी काय वाद पेटला ते वाचकांना माहीत आहे, त्यामुळे मी तुलना करत नाही. पण राष्ट्राध्यक्षाला जे जमलं नाही ते त्या ससाण्याने केलं, आणि मेंटेनन्स एका महिन्याचाही भरला नव्हता.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीची वार्षिक सभा झाली. मी शेअरधारक नाही, सबब मला प्रवेश नाही. तरी जावयाला मी मुद्दे काढून दिले : बॉयलर बदलायचा कोट्यवधींचा प्रस्ताव आहे, किमान तीन कोटेशनं मागव, राखीव निधी किती ते विचार, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचल्याशिवाय कायम करू देऊ नकोस. तो रात्री साडेदहाला परतला, डोळे लाल.

“बॉयलरचं काय झालं?”

“पाच मिनिटांत मंजूर.”

“मग इतका वेळ?”

“लॉबीतल्या कोचांचं कापड. निम्म्या लोकांना हिरवं हवं, निम्म्यांना करडं. पहिल्या मजल्यावरच्या बाई रडल्या. शेवटी उपसमिती नेमली.”

“उपसमितीत कोण?”

जावई वाकून बुटाची नाडी सोडवत राहिला. “करड्या रंगाच्या बाजूने,” तो म्हणाला, “मी.”